‘वकील नको’ म्हणून केलेली सही

बैठका झाल्या असतील, हप्ते जमा झाले असतील, आता थोडं ऐका.

आजची हकीकत अमेरिकेतली आहे. आमच्या प्रभागसंघाच्या बैठकीत ती सांगितली, तेव्हा बायकांचा पहिला प्रश्न होता, “आईबापांनी सही केलीच कशी?” तो प्रश्न धरूनच आम्ही बोलणार आहोत.

पेनसिल्व्हेनिया नावाचं राज्य आहे. त्यात लुझर्न काउंटी. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा समजा. एकेकाळी तिथं कोळशाच्या खाणी होत्या, त्या बंद पडल्या, कष्टकरी माणसं राहिली. तिथले न्यायाधीश निवडणुकीनं येतात. मुलांचे खटले मार्क सियावरेला नावाच्या न्यायाधीशापुढे चालत. त्याच्या वरचा, कोर्टाचा कारभार बघणारा, मायकेल कोनाहन.

२००२ साल संपता संपता कोनाहननं काउंटीच्या जुन्या बालसुधारगृहाचा पैसा बंद केला. इमारत जुनी झाली, मुलांना तिथं ठेवण्यासारखं नाही, असं कारण दिलं. ऐकायला बरं वाटतं. मग २००३ मध्ये एका खासगी कंपनीचं नवं सुधारगृह सुरू झालं आणि मुलं तिकडे जाऊ लागली. पुढच्या वर्षी काउंटीनं ती इमारत वीस वर्षांसाठी भाड्यानं घेण्याचा करार केला, ५ कोटी ८० लाख डॉलरचा. अशा खासगी घरात प्रत्येक मुलामागे, प्रत्येक दिवसाचे पैसे मिळतात. म्हणजे खाट रिकामी राहिली की तोटा. लॉजमालकासारखाच हिशोब, फक्त गिऱ्हाईक आणून देणारा न्यायाधीश.

इमारत बांधणारा बिल्डर आणि सुधारगृहाचा एक भागीदार, तो स्वतः वकील, या दोघांकडून दोन्ही न्यायाधीशांना मिळून सुमारे २८ लाख डॉलर पोचले. त्या वेळच्या भावानं बारा कोटी रुपयांच्या वर. काही पैसे फ्लोरिडातल्या फ्लॅटचं भाडं म्हणून दाखवले, फ्लॅट दोघांच्या बायकांच्या नावावर. काही रोख रक्कम खोक्यात भरून दिली. बायकोच्या नावावर काय काय असतं, हे आपल्याला नवं नाही, म्हणून आम्ही फार थांबत नाही.

मुलांचं काय झालं, तिथं थांबू. शाळेच्या आवारात सिगारेट ओढली, शाळा बुडवली, दुकानातून किरकोळ वस्तू उचलली, असल्या कारणांसाठी मुलांना सुधारगृहात धाडलं. त्यात आठ वर्षांचीही मुलं होती. पुष्कळांचा तो पहिलाच गुन्हा. निकाल झाला की तिथल्या तिथं बेड्या, आणि आईबापांचा निरोपही घेता येत नसे. राज्यात इतरत्र दहातलं एक मूल घराबाहेर ठेवलं जाई, सियावरेलाच्या कोर्टात चारातलं एक.

एका मुलीनं शाळेच्या उपमुख्याध्यापिकेची टिंगल करणारं पान इंटरनेटवर टाकलं. खाली लिहिलंही होतं की ही थट्टा आहे. २००७ मध्ये ती कोर्टात उभी राहिली. दीड मिनिटाच्या आसपास सुनावणी चालली. शिक्षा तीन महिने.

तिच्यासोबत वकील नव्हता. आईनं, वकील नको, अशा कागदावर सही केली होती. निम्म्याहून जास्त मुलं अशीच वकिलाशिवाय उभी राहत. आता त्या बैठकीतल्या प्रश्नाकडे येऊ. सही केली कशी? सख्यांनो, आपण बँकेत कशी करतो? “ताई, इथं करा, इथं करा, आणि इथं,” साहेब बोट ठेवतात, आपण करत जातो. मागं रांग असते. विचारलं तर अडाणी ठरू अशी भीती असते. त्या आईला वाटलं, पोरीनं टिंगल तर केली आहे, रागावतील आणि सोडतील, वकिलाचा खर्च कशाला? कर्जाच्या कागदावर पैसा जातो. त्या कागदावर पोर गेलं.

आणि बघणारे होते ना! सरकारी वकील, बचाव करणारे सरकारी वकील, मुलांवर देखरेख ठेवणारे अधिकारी, शिक्षक. कोर्टाच्या त्या खोलीत रोज इतकी शिकलेली माणसं बसायची. काही घाबरले, काहींना ते आवडतही होतं. १९९९ मध्ये तिकडे कोलंबाइनच्या शाळेत गोळीबार झाला होता, त्यामुळे मुलांशी कडकच वागलं पाहिजे असं लोकांना वाटत होतं. सियावरेला शाळाशाळांत जाऊन भाषणं देई, कडक न्यायाधीश म्हणून त्याचं कौतुक होई. आम्हाला वाटतं, पैशाइतकंच या कौतुकानंही त्याला झाकलं.

त्या मुलीची आई गप्प बसली नाही. तिनं फोन फिरवले, आणि फिलाडेल्फियातल्या ज्युव्हेनाइल लॉ सेंटर या वकिलांच्या संस्थेपर्यंत पोचली. संस्थेनं नोंदी तपासल्या, २००८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. तो आधी फेटाळला गेला. जानेवारी २००९ मध्ये केंद्र सरकारच्या तपासातून दोघा न्यायाधीशांवर आरोप लागले, तेव्हा न्यायालयानं तो पुन्हा हातात घेतला. त्याच वर्षी सियावरेलानं दिलेले हजारो निकाल रद्द झाले. २०११ मध्ये ज्युरीनं ३९ पैकी १२ आरोपांत त्याला दोषी धरलं, शिक्षा २८ वर्षं. पैसे घेतले, पण मुलं विकली नाहीत, असं तो म्हणत राहिला. कोनाहननं गुन्हा कबूल केला, त्याला साडेसतरा वर्षं. करोनाच्या काळात त्याला घरी सोडलं, आणि डिसेंबर २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी उरलेली शिक्षा माफ केली. ज्यांची पोरं त्या कोर्टातून गेली, त्या आयांना हे ऐकून काय वाटलं असेल! २०२२ मध्ये एका न्यायाधीशांनी या दोघांनी २० कोटी ६० लाख डॉलर भरपाई द्यावी असा निकाल दिला, पण तेवढी रक्कम त्यांच्याकडून वसूल होणं कठीणच.

एक बदल मात्र पक्का झाला. २०१२ पासून त्या राज्यात कोर्टात आलेलं प्रत्येक मूल गरीबच धरायचं, घरी कितीही पैसा असो, आणि त्याला वकील द्यायचा.

आपल्याकडे काय आहे? २०१५ चा बाल न्याय कायदा आहे. अठरा वर्षांच्या आतल्या मुलाला पोलिसांनी ताब्यात घेतलं, तर चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. मंडळात एकटा न्यायाधीश नसतो. एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांतली किमान एक बाई. जामीन सहसा द्यायचाच असतो.

पुण्याचं मे २०२४ मधलं पोर्शे गाडीचं प्रकरण तुम्हाला आठवत असेल. दोन जीव गेले आणि ३०० शब्दांच्या निबंधावर जामीन झाला. लोक चिडले, चिडण्यासारखंच होतं. पुढे सरकारनं मंडळावरचे दोन सदस्य काढले. पण त्या रागात “पोरांना सरळ आतच टाका” असं आपल्यातल्याही काही जणी म्हणाल्या. आत जातं कोण? ज्याच्या बापाला वकील परवडत नाही ते.

म्हणून आमच्या संघानं ठराव घेतला. गावातल्या कुणाच्या मुलाला पोलिसांनी नेलं, तर गटातल्या दोघी त्या आईसोबत जातील. कागद मोठ्यानं वाचून घेतील, समजल्याशिवाय सही किंवा अंगठा नाही. आणि वकील मागतील. बाईला आणि मुलाला सरकारी वकील फुकट मिळतो, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. तालुक्याच्या कोर्टाच्या आवारातच विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. फोन १५१००, आणि मुलांसाठी १०९८. दोन्ही नंबर आम्ही गटाच्या वहीत पहिल्या पानावर, पासबुकाच्या नंबरच्या वर लिहिले आहेत.