पाण्यावरची डासफवारणी आणि अमेरिकेतला परवाना

अमेरिकेत डास मारण्याच्या औषधांना दोन कायदे लागू होतात. 1947 च्या कीटकनाशक कायद्याखाली औषधाची नोंदणी होते आणि लेबलवरची मात्रा व खबरदारी पाळावीच लागते. 1972 च्या स्वच्छ पाणी कायद्यानुसार नदीनाल्यांत प्रदूषक सोडायचे तर परवाना लागतो. लेबलाबरहुकूम फवारलेले औषध प्रदूषक धरायचे का, हा प्रश्न मात्र बरीच वर्षे कोणी नेटाने लावून धरला नाही.

तो ऐरणीवर आला तो डासांमुळे नव्हे, पाणवनस्पतींमुळे. 1996 मध्ये ओरेगन राज्यातल्या टॅलेंट येथील कालव्यात वनस्पती मारण्यासाठी ॲक्रोलीन सोडले होते. गळक्या दारातून ते बेअर क्रीक या ओढ्यात उतरले आणि स्टीलहेड माशांची 92 हजारांवर पिल्ले मेली. लेबलात परवान्याचा उल्लेखच नाही, असा बचाव झाला. 2001 मध्ये अपील न्यायालयाने तो फेटाळला.

डासनियंत्रण करणाऱ्यांचे धाबे दणाणले. 2006 मध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेने, लेबल पाळले तर परवाना नको, अशी सूट दिली. 2009 मध्ये तीही न्यायालयात टिकली नाही. रासायनिक औषध काम करते तोवर प्रदूषक नाही, पण काम झाल्यावर पाण्यात उरते तो कचराच, असा न्यायालयाचा युक्तिवाद होता. गंमत अशी, की कायद्याच्या व्याख्येत ‘जैविक पदार्थ’ हे शब्द असल्यामुळे अळ्या मारणारे, माशांना निरुपद्रवी मानले जाणारे बीटीआय जिवाणूही सरसकट प्रदूषक ठरले.

31 ऑक्टोबर 2011 पासून सामायिक परवाना लागू झाला. त्याचा खरा उपयोग कागदापेक्षा क्रमात आहे. पैदाशीची डबकी आधी शोधायची, अळ्या किंवा डास किती आहेत ते पाहायचे, पाणी काढून टाकून भागते का ते तपासायचे आणि मगच पंप हाती घ्यायचा. मासे मेलेले दिसले तर 24 तासांत फोन, 30 दिवसांत लेखी अहवाल. साथीच्या आणीबाणीत आधी फवारणी करून कागदपत्रे नंतर देण्याची मुभा आहे.

तरीही डासनियंत्रण संस्थांची तक्रार कायम राहिली: पैसा फवारणीऐवजी नोंदवह्यांत जातो. परवाना रद्द करण्याचे विधेयक प्रतिनिधीगृहाने 2011 मध्ये मंजूर केले, पण सिनेटमध्ये ते अडले. 2016 मध्ये झिकाची भीती पसरताच तशाच तरतुदींचे विधेयक झिकाच्या नावाने पुन्हा आले आणि पुन्हा तिथेच अडकले. परवान्याचे मात्र 2016 आणि 2021 मध्ये नूतनीकरण झाले.