दाढीवाल्या सरड्याचें घर



‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण आपण बहुधा दुसऱ्याचा उपहास करण्यासाठीं वापरतों. परंतु ज्या सरड्याविषयीं मला आज बोलावयाचें आहे, त्याचें कुंपणाशीं खरोखरीच सख्य आहे. ऑस्ट्रेलिया खंडाच्या अंतर्भागांतील रूक्ष प्रदेशांत झाडाच्या वठलेल्या फांदीवर किंवा कुंपणाच्या खुंटावर चढून हा प्राणी बराच वेळ ऊन खात बसतो. गळ्याखालची कांटेरी त्वचा फुगवून त्यानें काळी केली म्हणजे दाढी राखल्याचा भास होतो. म्हणून त्याला बिअर्डेड ड्रॅगन हें नांव पडलें. आपण त्याला दाढीवाला सरडा म्हणूं. पूर्ण वाढलेला प्राणी शेपटीसह दीड ते दोन फूट भरतो. स्वभावानें तो शांत, माणसाच्या हातावर निवांत बसणारा. ह्या गुणामुळें तो अनेक देशांत घरोघर पाळला जातो आणि आपल्याकडील शहरांतहि हौशी मंडळी त्याला बाळगूं लागली आहेत. शहरांतील हौस आगगाडीनें कर्जतला उतरते आणि तेथून कडावला पोंचावयास तिला फारसा वेळ लागत नाहीं. तेव्हां हा पाहुणा आपल्या गांवीं येण्यापूर्वींच त्याच्या घराचा विचार केलेला बरा.

घर म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें भिंती उभ्या राहतात. ह्या प्राण्याच्या बाबतींत भिंती ही सर्वांत सोपी गोष्ट आहे. चार फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट उंच अशी लांकडी पेटी, पुढच्या बाजूस सरकती कांच, आणि हवा खेळावी म्हणून दोन्ही बाजूंस जाळी, एवढें गांवचा सुतार सहज करून देईल. तळाशीं वाळू पसरण्याचा मोह होतो, तो आवरावा. भक्ष्याबरोबर वाळू पोटांत जाऊन आंतडें तुंबतें. त्याऐवजीं शहाबादी फरशी घालावी. ती ऊब धरून ठेवते, धुण्यास सोपी असते, आणि तिच्यावर चालून नखें झिजतात. चढण्यासाठीं एक चांगली वाळलेली जाड फांदी आणि लपण्यासाठीं थंड बाजूस एक आडोसा, म्हणजे सामान संपलें.

खरें घर याच्या पुढें सुरू होतें. कारण हें घर भिंतींचें नसून हवेचें आहे. आपलें शरीर स्वतःची ऊब स्वतः निर्माण करतें; सरडा ती बाहेरून घेतो. ऊब मिळाली नाहीं तर खाल्लेलें अन्नहि त्याला पचत नाहीं. म्हणून पेटीच्या एका टोकास दिव्याखालीं ३८ ते ४२ अंश सेल्सियस आणि दुसऱ्या टोकास २५ ते २८ अंश असें उष्णतामान ठेवावें, म्हणजे तो आपल्या गरजेप्रमाणें इकडून तिकडे सरकत राहील. दिव्याला जाळीचें आवरण, दोन्ही टोकांस उष्णतामापक आणि उष्णता आपोआप आंवरणारा थर्मोस्टॅट हवाच. रात्रीं मात्र संपूर्ण अंधार असावा.

उष्णतेइतकेंच महत्त्व प्रकाशाला आहे. सूर्यप्रकाशांतील अतिनील किरणांच्या साहाय्यानें हा प्राणी आपल्या त्वचेंत ‘ड’ जीवनसत्त्व तयार करतो. तें नसेल तर खाण्यांतील कॅल्शियम अंगीं लागत नाहीं, हाडें मऊ पडतात आणि पाय वांकडे होतात. पेटी खिडकीशीं ठेवली कीं काम झालें असें पुष्कळांस वाटतें. पण हे किरण खिडकीच्या कांचेंतून जवळजवळ येतच नाहींत. उलट उन्हांत ठेवलेली कांचेची पेटी भट्टीसारखी तापते. म्हणून अतिनील किरण देणारी खास नळी आंत बसवावी आणि सुमारें वर्षानें ती बदलावी. कारण नळी उजेड देत राहते, पण हे किरण देण्याची तिची शक्ति हळूहळू क्षीण होते.

आतां आपल्या गांवाकडे वळूं. आश्विन ते वैशाख हे आठ महिने कडावची हवा ह्या पाहुण्याला बरीचशी मानवण्यासारखी आहे. सकाळचें कोंवळें ऊन येथें फुकट आहे. अर्धी सांवली असलेल्या जाळीच्या पिंजऱ्यांत त्याला घटकाभर अंगणांत ठेवलें, आणि मांजर, मुंगूस व घार यांच्यावर लक्ष राखलें, तर कोणत्याहि नळीपेक्षां तें हितकर. उन्हाळ्यांत पारा चाळीस अंशांच्या आसपास गेला म्हणजे दिवा आवरावा आणि पत्र्याच्या छपराखालीं पेटी मुळींच ठेवूं नये.

खरी कसोटी पावसाळ्याची. मध्य ऑस्ट्रेलियांतील अ‍ॅलिस स्प्रिंग्ज येथें वर्षाकांठीं सुमारें २८० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या कर्जत तालुक्यांत तो तीन हजारांच्या वर जातो. ज्या प्राण्याला शेंकडा ३० ते ४० आर्द्रता मानवते, त्याला आषाढांत शेंकडा ९० आर्द्रतेच्या हवेंत श्वास घ्यावा लागतो. त्यामुळें फुप्फुसें बिघडतात, नाकातोंडाशीं बुडबुडे येतात, त्वचेवर बुरशी चढते. यांत एक गंमत ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. २७ अंशांवरील, शेंकडा ९० आर्द्रतेची हवा ३८ अंशांपर्यंत तापविली, तर तिच्यांतील पाण्याचा अंशहि कमी न होतां आर्द्रता शेंकडा पन्नासाच्या खालीं उतरते. कारण ऊन हवा अधिक बाष्प धारण करूं शकते. म्हणजे दिवसा दिव्याखालची जागा आपोआप कोरडी होते. धोका आहे तो रात्रीचा! दिवा मालवला, पेटी निवाली, कीं तीच ओल परत येते आणि झोंपलेल्या प्राण्याला पहांटेपर्यंत वेढून राहते.

म्हणून पावसाळ्यांत पेटी पडवींत न ठेवतां आंतल्या खोलींत, जमिनीपासून उंच व ओलसर भिंतीपासून दूर ठेवावी. त्या खोलींत ओले कपडे वाळत घालण्याची दोरी नसावी. पाण्याचें भांडें लहान असावें व तें दिव्यापासून दूर ठेवावें. एवढ्यानें भागत नाहीं. दारें-खिडक्या लावून हवेंतील ओल ओढून घेणारें डीह्युमिडिफायर नांवाचें यंत्र रात्रभर चालवावें लागतें. वादळी रात्रीं वीज गेली तर काय, याचीहि तरतूद हवी. आणि बराच काळ ऊब देतां येणार नसेल तर त्याला खाऊं घालूं नये.

खाण्याविषयीं थोडक्यांत सांगतों. लहानपणीं त्याला मुख्यतः किडे लागतात, मोठेपणीं मुख्यतः पाला. शेवग्याचा पाला, जास्वंदीचें फूल, तांबडा भोपळा हें आपल्या परसांतच आहे; पालक मात्र क्वचित् द्यावा, कारण तो कॅल्शियम अडवून धरतो. किडे त्याच्या दोन डोळ्यांमधील अंतराहून मोठे नसावेत आणि ते पाळलेलेच असावेत; भातशेतींत औषध फवारलेलें असेल तर तेथील नाकतोडा म्हणजे विषाची पुडी होय. पावसाच्या तोंडावर आपल्याकडील रानें काजव्यांनीं लखलखतात. अमेरिकेंतील कांहीं जातींचा एक काजवाहि ह्या सरड्याचा प्राण घेऊं शकतो, असें आढळून आलें आहे. तेव्हां पेटीजवळ काजवा येऊं देऊं नये.

विकत घेण्यापूर्वीं कायद्याचीहि चौकशी करावी. ऑस्ट्रेलिया आपल्या वन्य प्राण्यांची व्यापारासाठीं निर्यात करूं देत नाहीं. म्हणून बंदिस्त अवस्थेंत जन्मलेला प्राणीच घ्यावा, त्याची पावती ठेवावी आणि नोंदणीची आवश्यकता आहे कीं काय हें वनखात्याला विचारावें. हौसेपायीं रानांतली घोरपड धरून आणणें हा तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें अपराधच आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला पशुवैद्य कोठें आहे, हेंहि आधींच पाहून ठेवावें. कारण हा मुका जीव आपलें दुखणें शेवटपर्यंत लपवितो. नीट सांभाळला तर तो दहा वर्षें जगतो. आणि कंटाळा आला म्हणून त्याला भीमाशंकरच्या रानांत सोडून देणें ही दया नव्हे, पहिल्याच पावसांत दिलेली देहान्ताची शिक्षा होय.

शेवटीं एकच सुचवितों. हा प्राणी हिंवाळ्यांत घेण्याचा मोह होतो, कारण तेव्हां सारें सोपें वाटतें. तसें न करतां रिकामी पेटी आधीं एक आषाढ चालवून पहावी. आंत आर्द्रतामापक ठेवावा आणि पहांटे उठून आंकडा टिपून ठेवावा. महिनाभर तो साठाच्या वर गेला नाहीं, तर पाहुण्याला खुशाल बोलवावें. गेला, तर पेटी सुताराला परत द्यावी आणि आपल्या मेंदीच्या कुंपणावर मान हलवीत बसलेल्या सरड्याकडे रोज घटकाभर पहावें. त्याचें घर ह्या मातीनें व ह्या पावसानेंच बांधलेलें आहे. आपण तें मोडलें नाहीं म्हणजे झालें.