द्राक्षगर्भाची ओळख

श्रोतेहो, मोखाडा तालुक्यातले सूर्यमाळ आपल्यापैकी पुष्कळांना थंड हवेचे ठिकाण म्हणून ठाऊक असेल. आज मात्र मी तिथल्या हवेविषयी नाही, तर एका लहानशा बाटलीविषयी बोलणार आहे.

समजा, ऐन आषाढात त्या माळावरच्या एखाद्या बाईला तिसरा महिना आहे. ओकाऱ्या बेसुमार, पोट दिवसांच्या मानाने मोठे आणि मधूनमधून अंगावरून जाते आहे. एके रात्री गर्भ पडतो. पाहतात तो बाळाचा आकार कुठेच नाही. भिजवलेल्या साबुदाण्यासारखे, द्राक्षांच्या घोसासारखे पाण्याने भरलेले फुगे! कुणी बाधा म्हणते, कुणी तिलाच बोल लावते, आणि ते सारे परसात पुरले जाते. तिच्या दुखण्याचा पुरावाही त्याबरोबरच पुरला गेला, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

याला द्राक्षगर्भ म्हणतात. वारेचे बारीक अंकुर पाणी धरून फुगतात, त्याचे हे रूप. पूर्ण द्राक्षगर्भात आईच्या बीजातले केंद्रकच हरवलेले असते. पित्याचे बीज त्यात शिरते आणि बहुधा स्वतःलाच दुप्पट करते. म्हणून सगळी ४६ गुणसूत्रे पित्याकडची! जपानच्या काजी आणि ओहामा यांनी १९७७ साली हे दाखवून दिले. आता सांगा, यात बाईचा दोष तो कुठला?

तुम्ही म्हणाल, फुगे डोळ्यांना दिसतात, मग तपासणी कशाला? पण ते नेहमी दिसत नाहीत. गर्भ लवकर पडला किंवा द्राक्षगर्भ अर्धवट असला, तर तो साध्या गर्भपातासारखाच दिसतो. म्हणून तो भाग फॉर्मॅलिनच्या बाटलीत प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. तिथे तो मेणात बसवून त्याचे केसाहूनही पातळ काप काढतात, निळ्या-गुलाबी रंगात बुडवतात आणि काचपट्टीवर सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. तरीही शंका उरली तर पी-५७ नावाचे रंजन करतात. ते प्रथिन आईकडच्या गुणसूत्रामुळे तयार होते. पूर्ण द्राक्षगर्भाच्या अंकुरांत ते आढळत नाही.

एवढा खटाटोप का? कारण पिशवी रिकामी केली तरी पूर्ण द्राक्षगर्भ झालेल्या शंभरांतल्या सुमारे १५ ते २० जणींत हा रोग मागे रेंगाळतो. क्वचित त्याचा कर्करोग होऊन तो फुप्फुसांपर्यंत पोहोचतो. पण घाबरू नका. १९५६ साली अमेरिकेत ली आणि हर्ट्झ यांनी मेथोट्रेक्सेट या औषधाने असा कर्करोग हटवून दाखवला. आज वेळीच ओळखला तर जवळजवळ प्रत्येक बाई बरी होते, आणि पुढे तिला निरोगी मूलही होऊ शकते.

मात्र त्यासाठी एच.सी.जी. या संप्रेरकाची तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते. आधी दर आठवड्याला, मग काही महिने महिन्यातून एकदा. तोवर पुन्हा दिवस जाऊ देऊ नयेत, कारण नव्या गर्भानेही तेच संप्रेरक वाढते आणि रोग कळेनासा होतो.

खरी अडचण इथेच आहे. भात झोडून झाला की जव्हार-मोखाड्याकडची कितीतरी कुटुंबे भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि तपासणीचे महिने नेमके तिथे जातात. म्हणून अहवालाचा कागद त्या बाईच्या गाठोड्यात असला पाहिजे, म्हणजे कुठल्याही दवाखान्यात तो दाखवता येईल.

तेव्हा सुईणींनो, आशाताईंनो, घरातल्या वडीलधाऱ्यांनो, गर्भ पडला आणि रक्त जाऊ लागले तर बाईला ताबडतोब दवाखान्यात न्या. जे पडले ते स्वच्छ डब्यात झाकून सोबत घ्या आणि 'हे तपासायला पाठवा' असे डॉक्टरांना सांगा. पुरायचे ते मागाहून पुरता येईल. सूर्यमाळेवर सूक्ष्मदर्शक नसला तरी चालेल. तिथून निघालेली बाटली त्याच्यापर्यंत पोहोचली पाहिजे, आणि त्याचे उत्तर त्या बाईपर्यंत.