मुलांच्या तोंडी त्यांचेच बोल
(विहाराच्या वर्धापनदिनी पालकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



पाचवी ते आठवीच्या मुलांना नाटक कसे शिकवावे, हा आजचा विषय. तो ऐकून काही पालकांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. ‘पोरं गणितात मागे, इंग्रजीत मागे, आणि हे नाटकं काय शिकवताहेत?’ पेण आणि रोह्याच्या वस्त्यांतून आम्ही मुलांचे नाट्यवर्ग घेतो तेव्हा हा प्रश्न हटकून येतो. प्रश्न रास्त आहे. म्हणून त्याचे उत्तर द्यायलाच आम्ही उभे आहोत.

आपल्या जयंतीच्या स्टेजवर मुले घडाघडा भाषणे म्हणतात. आपण टाळ्या वाजवतो, वाजवल्याच पाहिजेत. पण तेच मूल खाली उतरल्यावर त्याला विचारा, ‘बाळा, 20 मार्च 1927 ला लोक चवदार तळ्यावर कशाला गेले होते?’ तळे आपल्याच जिल्ह्यातले, महाडचे. पण पोर आईच्या तोंडाकडे बघते. पाठ सगळे आहे, स्वतःचे शब्द मात्र नाहीत.

शाळेतही हेच होते. उत्तर येत असते, हात वर होत नाही. बारा-तेराचे वयच अडनिडे. आवाज फुटतो, उंची वाढते, कोणी हसेल याची धास्ती असते. आपल्या मुलांना त्यावर आणखी एक धास्ती असते. आडनाव विचारले तर? कुठल्या वाडीत राहतोस म्हणाले तर? आपली घरातली बोली ऐकून वर्ग हसला तर? मग मूल गप्प बसायला शिकते. ही सवय एकदा लागली की कचेरीत, दवाखान्यात, नोकरीच्या मुलाखतीत माणूस गप्पच राहतो. आपल्या बापजाद्यांना गप्प बसवले गेले होते. आता लेकरे आपणहून गप्प बसू लागली तर मिळवले काय?

यावर एक उपाय म्हणजे उत्स्फूर्त नाटक. लिहिलेली संहिता पाठ करायची नाही. प्रसंग द्यायचा आणि तो मुलांनी तिथल्या तिथे, आपल्या शब्दांत उभा करायचा. हे काही परदेशी फॅड नाही. तळकोकणातला दशावतारी नट कथा ऐकतो आणि संवाद रंगमंचावरच रचतो. तमाशातली बतावणी अशीच रंगते. जोतीराव फुल्यांनी 1855 साली ‘तृतीय रत्न’ नाटक लिहिले. त्याच्या शेवटी फसवले गेलेले शेतकरी जोडपे शिकायचे ठरवते. पुढे 1930 नंतर भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी जलशातून बाबासाहेबांचा विचार अक्षर न येणाऱ्या माणसापर्यंत नेला. म्हणजे नाटक आपल्याकडे करमणुकीपुरते कधीच नव्हते.

अमेरिकेतही असेच घडले. शिकागो शहरात व्हायोला स्पोलिन या बाईंनी 1939 च्या सुमारास परदेशातून आलेल्या गरीब कुटुंबांतल्या मुलांसाठी नाटकाचे खेळ तयार केले. भाषा वेगळ्या, पण खेळ सगळ्यांना कळतो. 1963 मध्ये त्यांचे पुस्तक आले आणि जगभर ते खेळ गेले.

आम्ही काय करतो ते थोडक्यात सांगतो. आधी गोल करून उभे राहायचे. मग आरशाचा खेळ. दोघे समोरासमोर, एक हलेल तसे दुसऱ्याने हलायचे. यात बोलायचे नसते म्हणून लाजरे मूलही उतरते. मग एक टॉवेल मधे टाकायचा. कोणी त्याचे बाळ करतो, कोणी मासळीचे जाळे, कोणी वकिलाचा कोट.

नंतर बोलायचा खेळ. त्याचा नियम एकच, समोरच्याचे खोडायचे नाही, त्यात भर घालायची. एकाने म्हटले, ‘अरे, एस.टी. सुटली!’ दुसरा म्हणाला, ‘इथे एस.टी. येतच नाही,’ की खेळ मेला. तो म्हणाला, ‘सुटली, आणि माझी आजी आतच राहिली!’ की खेळ धावायला लागला. भर घालायची तर आधी दुसऱ्याचे ऐकावे लागते. हे मोठ्यांनाही शिकण्यासारखे आहे.

प्रसंग देताना तीनच गोष्टी सांगायच्या: तू कोण, कुठे आहेस, तुला काय हवे आहे. पेणच्या गणपती कारखान्यात रंगकाम करणारा आणि घाईचे गिऱ्हाईक. धाटावच्या कंपनीच्या गेटवर उशिरा पोचलेला कामगार आणि वॉचमन. मुलांनी हे पाहिलेले असते, शब्द शोधावे लागत नाहीत.

इतिहासही असा शिकवता येतो. आपल्या जिल्ह्यातल्या कुडा लेण्यांतल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नोंद आहे. त्यात माळी आहे, वैद्य आहे, लोखंडाचा व्यापारी आहे, भिक्खुणी आहेत. आम्ही मुलांना विचारले, दान द्यायचे ठरले त्या रात्री माळ्याच्या घरी काय बोलणे झाले असेल? सहावीतली मुलगी बायको झाली आणि कडाडली, ‘पोरांच्या तोंडचं काढून दगडाला देतोस?’ माळी झालेला मुलगा जरा थांबला, म्हणाला, ‘दगडाला नाय गं. पावसात येनाऱ्या भिक्खूला.’ हे कोणत्या पुस्तकात नव्हते.

ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआल यांनी आणखी एक वाट दाखवली. अन्यायाचा प्रसंग चालू असताना बघणाऱ्याने ‘थांबा’ म्हणायचे आणि स्वतः जाऊन त्या पात्राची जागा घ्यायची. आम्ही ‘आठवीनंतर मुलीची शाळा बंद’ हा प्रसंग घेतला. एक मुलगी रडली, एक भांडली. तिसरी गेली ती सरळ आजी झालेल्या मुलीजवळ बसली आणि म्हणाली, ‘आजी, तुला शिकायचं व्हतं ना? मग बोल की.’ बाप झालेल्या मुलाला उत्तर सुचेना.

शिकवणाऱ्यांसाठी काही पथ्ये आहेत. कोणावर सक्ती नको. कोणाच्या व्यंगाची, रंगाची, जातीची नक्कल नको. घरातले दुखणे उघडे करायला लावू नये, प्रसंग काल्पनिकच द्यावा. पहिला-दुसरा नंबर काढू नये. आणि सिद्धार्थाच्या कामाला दर वर्षी गोरेच पोर का, हा प्रश्न आपण स्वतःला विचारावा.

ठाण्यात ज्येष्ठ नाटककार रत्नाकर मतकरी यांच्या पुढाकाराने ‘वंचितांचा रंगमंच’ उभा राहिला. वस्त्यांतली मुले आपल्या जगण्यातून नाटके बसवू लागली. मतकरी 2020 मध्ये गेले, पण वस्तीतल्या मुलाकडे सांगण्यासारखे असते हे त्यांनी दाखवून दिले.

आता पालकांच्या प्रश्नाकडे येतो. नाटकाने गणिताचे मार्क वाढतील असे आम्ही म्हणत नाही. पण गणित समजले नाही तर ‘सर, पुन्हा सांगा’ म्हणायला जे तोंड लागते, ते इथे तयार होते.

आमचे मागणे मोठे नाही. रविवारी एक तास विहाराचा हॉल मुलांना द्या. पुढच्या जयंतीला पंधरा मिनिटे मुलांच्या स्वतःच्या नाटकासाठी राखून ठेवा. त्या पंधरा मिनिटांत खालून कोणी वाक्य सुचवायचे नाही. पोर अडले तर अडू द्या. जरा वाट बघा. ते बोलेल.

जयभीम! नमो बुद्धाय!