एका पट्टीखालचे तीन सूर

(शाळेच्या हीरकमहोत्सवी वर्षानिमित्त कोरमंगला, बेंगळुरू येथे झालेल्या माजी विद्यार्थ्यांच्या स्नेहमेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हीरकमहोत्सवाची भेट म्हणून शाळागीताचे नवे ध्वनिमुद्रण करून देण्याचा संकल्प आपण सोडलात, त्याबद्दल शाळेच्या वतीने मनःपूर्वक आभार. येथे कोरमंगल्यातच, एका सदनिकेच्या लहानशा खोलीत, संगणक, दोन सप्तकांचा कळफलक आणि हेडफोन एवढ्या सामग्रीवर हे काम चालले आहे. मी ते लक्षपूर्वक ऐकले. एकाच सुरावटीवर चार निरनिराळे सॉफ्टवेअर सिंथेसायझर एकावर एक रचून आपण एक भरीव ध्वनी निर्माण करता. याला आपण लेअरिंग म्हणता. मी त्याला थर रचणे म्हणेन. या थरांशी आपल्या रोजच्या प्रार्थनेचे भवितव्य जोडलेले असल्यामुळे आज याच विषयावर बोलणे मला उचित वाटते.

थर रचण्याची ही कल्पना आपल्याला परकी नाही. शाळेच्या सभागृहातील जुनी पेटी आठवा. तिची एक पट्टी दाबली की आत खर्ज, नर आणि मादी असे तीन सूर एकाच वेळी बोलतात. खर्ज नराहून एक सप्तक खाली, मादी एक सप्तक वर. ऐकणाऱ्याला मात्र एकच नाद ऐकू येतो. संगीत रंगभूमीनेही हेच तत्त्व जाणले होते. गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या गाण्यामागे ऑर्गनची अखंड आस असे, कादरबक्षांची सारंगी गळ्यामागून मिंड घेत जाई आणि अहमदजान थिरकवाँचा तबला लय सांभाळी. तिघांपैकी कोणीही दुसऱ्याचे काम करीत नसे, म्हणूनच गायकाच्या शब्दाला जागा मिळे.

यंत्राचा इतिहासही आपल्या शाळेच्या वयाचाच आहे. अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी आपला सिंथेसायझर 1964 साली लोकांसमोर मांडला. अवघ्या पाच वर्षांत, 1969 मध्ये, मूग सिंथेसायझर अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत पोहोचला. 1982 साली चरणजित सिंग यांनी तीन यंत्रे एकत्र करून दहा रागांची ध्वनिमुद्रिका काढली. एकावर सुरावट, दुसऱ्यावर खर्ज, तिसऱ्यावर ठेका. 1983 मध्ये मिडी ही समान परिभाषा आली आणि निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये एका कळफलकाने वाजू लागली. 1996 साली जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीने व्हीएसटी ही व्यवस्था आणली आणि 1999 मध्ये तिच्याद्वारे संगणकातच वाद्ये नांदू लागली. ज्यासाठी पूर्वी खोलीभर यंत्रे लागत, ते आज दप्तरात मावते. सर्ज एक्सटी किंवा डेक्स्ड यांसारखे सिंथेसायझर तर विनामूल्य मिळतात.

वाद्य विनामूल्य झाले की संयम महाग होतो. पूर्वी दुसरे वाद्य आणायचे तर दुसरा वादक आणावा लागे. आता एका टिचकीसरशी पाचवा थर चढतो, सहावाही चढतो. थर वाढला म्हणजे श्रीमंती वाढली, असा समज सहज होतो. ध्वनीचे शास्त्र मात्र निराळे सांगते. तंतोतंत सारखे दोन ध्वनी एकत्र आले तर नाद केवळ सुमारे 6 डेसिबलने मोठा होतो, नवीन काही घडत नाही. आणि त्यांतील एक उलटा केला तर दोन्ही मिळून पूर्ण शांतता होते. दोन थरांनी खर्जाची तीच जागा धरली की गढूळपणा येतो. म्हणून प्रत्येक थराला स्वतःचे काम हवे: एकाने पाया द्यावा, एकाने स्वराचा आरंभ ठसठशीत करावा, एकाने मागे आस धरावी. ज्याला काम सांगता येत नाही, तो थर काढून टाकावा.

दुसरी बाब स्वरमेळाची. सिंथेसायझरची मूळ जुळणी समस्वरांतर सप्तकाची असते. षड्ज 240 हर्ट्झ धरला तर तानपुऱ्याशी जुळणारा शुद्ध गंधार 300 हर्ट्झचा. सिंथेसायझरचा गंधार मात्र सुमारे 302.4 हर्ट्झचा. एक थर असा आणि दुसरा तसा ठेवला, तर त्या दोन गंधारांत सेकंदाला दोनाहून अधिक वेळा नाद वरखाली हेलकावतो. नववी-दहावीच्या मुलांना भौतिकशास्त्रातील विस्पंद शिकवायला याहून चांगले उदाहरण नाही. पण प्रार्थनेच्या लांब गंधारावर ते नको. पेटीवरही हाच आक्षेप होता. 1940 साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली आणि ती शिथिल व्हायला 1971 उजाडले. आज निदान तशी सक्ती उरलेली नाही. सर्ज एक्सटीसारख्या सिंथेसायझरमध्ये स्वरांतरे हवी तशी बदलता येतात. ज्या बेंगळुरूत जी. राज नारायण यांच्या रॅडेल कंपनीने इलेक्ट्रॉनिक तानपुरा घडवून घरोघरी पोहोचवला, त्या शहरात हे काम कठीण नसावे. आधी तानपुरा लावावा, मग प्रत्येक थर त्याच्याशी जुळवावा.

आता मूळ मुद्द्याकडे येते. संगीत शिक्षक निवृत्त झाल्यापासून त्यांचे पद रिक्त आहे. पेटी आहे, भाता आहे, वाजवणारे हात नाहीत. त्यामुळे आपण केलेले हे ध्वनिमुद्रण रोज सकाळी ध्वनिवर्धकावरून लागणार आहे. गीत इतके भरगच्च झाले की त्यात मुलाच्या आवाजाला शिरकावच उरला नाही, तर मुले ते ऐकतील, गाणार नाहीत. सीमाभागातील आपल्या शाळेत हा प्रश्न संगीतापुरता राहत नाही. पहिलीत येणाऱ्या कित्येक मुलांच्या घरी कन्नड, उर्दू वा हिंदी बोलली जाते. 'चंद्र' आणि 'चांदणे' यांतील दोन निराळे च त्यांना प्रथम प्रार्थनेच्या रांगेत, शेजारच्या मुलाच्या तोंडून ऐकू येतात. व्यंजनांची ही स्पष्टता मुख्यतः दोन हजार हर्ट्झच्या वरच्या भागात असते. चमकदार सिंथेसायझरांचे थर नेमकी तीच जागा व्यापतात. तेथे त्यांना मागे सारले नाही, तर गीत गोड लागेल आणि भाषा बुडेल.

म्हणून मी आपणाकडे चार गोष्टी मागते. पहिली, गीताच्या दोन आवृत्त्या कराव्यात: एक मुलांच्या आवाजासह, स्मरणिकेसोबत जपून ठेवण्यासाठी, दुसरी रोजच्या वापराची, जिच्यात तानपुरा, एक मंद आस आणि ठेका यांपलीकडे काही नसावे. सुरावटीचा थर तेथे रिकामा ठेवावा, तो मुले भरतील. दुसरी, शाळेची पेटी आपल्या संगणकात उतरवून घ्यावी. साडेतीन सप्तकांच्या 42 पट्ट्या, खर्ज आणि नर वेगवेगळे मुद्रित केले, तर ज्या पेटीवर साठ वर्षांच्या प्रार्थना झाल्या तिचा नाद भाता फाटल्यावरही उरेल, आणि विकत न मिळणारा एक थर आपल्या हाती येईल. तिसरी, सर्व थर सुटेसुटे करून शाळेला द्यावेत. विज्ञानाच्या तासाला मुले एकेक थर बंद करून पाहतील आणि काय गेले, काय उरले हे कानांनी शिकतील. आणि चौथी, वर्षातून एकदा तुमच्यापैकी कोणीतरी शाळेत येऊन पेटीवर बसावे. पाचवी-सहावीतील एखादा मुलगा वा मुलगी ती बोटे पाहील, आणि कदाचित आपले रिक्त पद तिथून भरू लागेल.

साठ वर्षांत या शाळेवरही थर चढले: कौलांच्या जागी स्लॅब आला, फळ्याशेजारी पडदा आला, कंदिलाशेजारी संगणक आला. यांतील प्रत्येकाला आम्ही एकच प्रश्न विचारत आलो: याने मुलाचा आवाज वाढतो की झाकला जातो? आपल्या नव्या ध्वनिमुद्रणालाही हाच प्रश्न विचारावा, एवढेच माझे सांगणे. आपली बोटे कुशल आहेत, कान शाळेत तयार झालेले आहेत. उत्तर आपणांस अचूक सापडेल, याची मला खात्री आहे.