ग्रामसभेंत आपल्या पोरांची जागा
(धुळें जिल्ह्यांतील शेतकरी व कारागिरांच्या सभेंत केलेलें भाषण)



१९८९ पासून १८ वर्षांच्या मुलामुलींस मत मिळालें. मतदारयादींत ज्याचें नांव, तो ग्रामसभेचा सभासद. मग साक्रीकडील भिल्लांचीं, चाळीसगांवच्या तांड्यांवरील बंजाऱ्यांचीं मुलें सभेंत कां दिसत नाहींत? २६ जानेवारीस सभा भरते, तेव्हां त्यांतील पुष्कळ जण परमुलखांत उसाच्या फडांत कोयता चालवीत असतात! शेंकडा १५ किंवा १०० मतदार, यांतील कमी असेल तितके न जमल्यास सभा तहकूब होते. तहकूब सभेस मात्र ती अट नाहीं. मग दहापांच जण पाणी कोठें, घरकुल कोणाला हें ठरवितात, आणि तो साऱ्या गांवाचा ठराव म्हणून वहींत चढतो.

आमचें मागणें थोडें आहे. पोरें गांवीं असतात, तेव्हां ऑगस्टमधील सभेंत मोठीं कामें ठेवा. ग्रामसभेपूर्वीं स्त्रियांची सभा कायद्यानेंच घ्यावी लागते. तशीच तरुणांचीहि घ्या. आणि बापांनो, घरीं "तुला काय कळतें?" हें म्हणणें आजपासून सोडा. जो घरांत बोलला नाहीं, तो चावडीवर काय बोलणार?