वाचनालयाचें वर्ष आणि बंदरावरचें वर्ष

(मालवण तालुक्यांत पावसाळ्याच्या तोंडावर भरलेल्या वाचनालय-चालक, शिक्षक व वाचक यांच्या सभेंत एका खेड्यांतील शिक्षकानें केलेलें भाषण.)



आम्ही खेड्यांतले मास्तर. वाचनालयाच्या चालकांस शहाणपण शिकवावें म्हणून आम्ही येथें उभे राहिलेलों नाहीं. परंतु आज वीस वर्षांवर आम्ही किनाऱ्यावरच्या पोरांस अक्षरओळख करून देत आहोंत. त्यांतलीं पुष्कळ पोरें शाळा सुटल्यावर एकहि पुस्तक हातीं न धरतां संसारास लागलीं, आणि शहरगांवच्या वाचनालयांतलीं कपाटें मात्र भरलेलीं तीं भरलेलींच राहिलीं, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. असें कां व्हावें?

ह्यावर एक ठरलेलें उत्तर मिळतें कीं, तुमच्या लोकांस वाचनाची गोडी नाहीं. हें उत्तर आम्हांस साफ नामंजूर आहे. आमचें म्हणणें असें कीं, वाचनालयाचें वर्ष एक आणि आमच्या लोकांचें वर्ष दुसरें. दोघांची गांठच पडत नाहीं.

वाचनालयाचें वर्ष कसें चालतें पाहा. जानेवारींत मराठी भाषेचा पंधरवडा. २७ फेब्रुवारीस, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशीं, मराठी भाषा गौरव दिन. मे महिन्यांत मुलांस गोष्टी सांगणें. १५ ऑक्टोबरला, डॉ. अब्दुल कलामांच्या जन्मदिवशीं, वाचन प्रेरणा दिन. मग दिवाळी अंक. आतां बंदरावरचें वर्ष पाहा. ऑक्टोबरांत दर्यावर हंगाम सुरू झालेला आणि मळ्यांत भातकापणी. त्या दिवसांत वाचनाची प्रेरणा घेण्यास घरीं असतें कोण? फेब्रुवारी-मार्चांत आंगणेवाडीची जत्रा, चाकरमानी गांवीं आलेले. मे महिन्यांत पोरें काजू-आंब्यांच्या मागें. आणि जून-जुलैंत, मासे विणीला येतात त्या काळांत, यांत्रिक होड्यांस मासेमारीची बंदी. होडी वर ओढलेली, तिच्यावर झांप घातलेली, माणूस ओटीवर जाळीं दुरुस्त करीत बसलेला. वर्षांतली खरी फुरसत ती हीच. (शेतकऱ्याची गोष्ट निराळी, त्याची तेव्हां लावणीची घाई, त्यास श्रावणाशिवाय उसंत नाहीं.) आणि नेमक्या त्याच दोन महिन्यांत वाचनालयाच्या फळ्यावर एकहि कार्यक्रम नसतो. कां? तर म्हणे पावसांत कोण येणार!

दिवाळी अंकाविषयीं आमचें कांहीं वांकडें नाहीं. उलट आम्हांस त्याचा अभिमान आहे. १९०९ सालीं 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढणारे काशिनाथ रघुनाथ मित्र ह्यांचें मूळ आडनांव आजगांवकर, आणि आजगांव हें तर आपल्याच सावंतवाडी तालुक्यांत. पण त्या अंकांसाठीं निराळी वर्गणी भरावी लागते, आणि ती भरणारे नोकरदार वाचून झाल्यावर जूनपर्यंत तेच अंक कपाटांत पडून राहतात. ते तेव्हां बंदरावर कां येऊं नयेत? शिळी बातमी वाईट, पण शिळी कथा कोणास बाधल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

येथें आमची स्वतःची एक हकीकत सांगतों. वाचनालयाचें व गांवाचें नांव घेत नाहीं, कारण कोणास लाजविण्याचा हेतु नाहीं. आम्ही तेव्हां दहावींत होतों. जूनच्या भर पावसांत छत्री सांवरीत वाचनालयांत गेलों. अनामतीचे पैसे आईनें सुकी मासळी विकून जमविलेले होते. अर्जावर जामीनदार पाहिजे होता, म्हणून तिनेंच अंगठा उठविला होता. तेथल्या गृहस्थांनीं अर्ज उलटासुलटा करून पाहिला आणि परत दिला. म्हणाले, "बाळ, जामीनदार सहीचा आण. आणि पुस्तक पावसांत भिजवशील तर?" ते रागावले नाहींत, हें कबूल केलें पाहिजे. परंतु ज्या घरीं आजवर कोणास सही करतां आली नाहीं, त्याच घरच्या पोरास पुस्तकाची अधिक गरज, हें त्यांच्या नियमाच्या वहींत लिहिलेलें नव्हतें. आम्ही परत आलों. पुढें आमच्या ओळखीच्या एका एस.टी. कंडक्टरांनीं सही दिली, आणि ते जेथें असतील तेथें त्यांचें कल्याण असो! पण आई त्यानंतर कधींहि त्या जिन्यावरून वर आली नाहीं. आम्हांस पुस्तकें मिळालीं. तिचा अंगठा नापसंत झाला तो झालाच.

बंधूंनो, हा विचार आमचा नवा नाहीं. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं १९०६ सालीं आपल्या संस्थानांत सर्वत्र प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें, आणि तेवढ्यावर ते थांबले नाहींत. १९१० सालीं विल्यम बॉर्डन नांवाच्या जाणत्या गृहस्थास अमेरिकेहून आणवून त्यांनीं गांवोगांव ग्रंथालयें उभारण्याचें काम त्यांच्याकडे सोंपविलें. जेथें ग्रंथालय नाहीं तेथें पुस्तकांची फिरती पेटी जाई. वाचावयास शिकवावयाचें आणि वाचावयास कांहीं द्यावयाचें नाहीं, म्हणजे पोहावयास शिकवून विहीर बुजविण्यासारखें आहे, हें त्या राजानें शंभर वर्षांमागें ओळखलें. कोल्हापूर संस्थानानें १९४५ सालीं ग्रंथालयांचा कायदा केला. आपल्या राज्याचा कायदा १९६७ सालचा. त्या कायद्याखालीं वर्गाप्रमाणें सरकारी अनुदान मिळतें. म्हणजे वाचनालयाच्या पैशांत वर्गणीदारांबरोबर सर्व रयतेचाहि वांटा आहे, जाळें ओढणाराचाहि आहे.

आणि आमच्या भागास वाचनालय ही वस्तु नवी नाहीं. रत्नागिरीचें नगर वाचनालय १८२८ सालचें, सावंतवाडीचें श्रीराम वाचन मंदिर १८५२ चें, वेंगुर्ल्याचें नगर वाचनालय १८७१ चें. एवढ्या जुन्या संस्था किती जिल्ह्यांस लाभल्या असतील? त्यांतले जुने ग्रंथ कोंकणच्या सर्द हवेंत, वाळवी आणि कसर ह्यांच्या तावडींतून ज्यांनीं वांचविले, त्यांस आम्ही हात जोडतों. पावसाळ्यांत कपाटें भिंतीपासून वीतभर पुढें ओढणें, उघडीप पडतांच पुस्तकें वाऱ्यास लावणें, हीं कामें कोणाच्या अहवालांत येत नाहींत.

परंतु संग्रह म्हणजे केवळ छापील ग्रंथ नव्हेत. महात्मा फुले १८९० सालीं वारले आणि त्यांचें समग्र वाङ्मय सरकारनें छापलें तें १९६९ सालीं. मधल्या काळांत किती कागद उकिरड्यावर गेले असतील! मुकुंदराव पाटलांनीं १९१० पासून अहमदनगरकडील तरवडी ह्या खेड्यांतून 'दीनमित्र' पत्र चालविलें. आज अभ्यास करणारे त्याचे जुने अंक शोधीत फिरतात. बहुजनांचा कागद जपण्यास वाडा नसतो, हेंच त्याचें कारण. म्हणून आमची वाचनालयांस विनंती आहे कीं, एक कपाट आमच्यासाठीं रिकामें करावें. त्यांत रापणीच्या हिशेबाच्या वह्या ठेवा. कोणाच्या जाळ्यास किती वांटा, विधवेचा वांटा कसा राखीत, तें त्यांत सांपडेल. दशावतारी मंडळ्यांचीं हँडबिलें ठेवा. मुंबईच्या गिरणींतून आलेल्या मनिऑर्डरींचीं कुपनें ठेवा. त्या बोटभर जागेंत बापानें पोरीच्या तापाविषयीं दोन ओळी विचारलेल्या असत. आमच्या घरीं तशीं कुपनें होतीं. एका पावसांत पेटी गळली आणि त्यांचा लगदा झाला.

आतां मागणें थोडक्यांत सांगतों. अंगठ्याचा जामीन चालावा. जून-जुलैंत वाचनालयाची वेळ सायंकाळीं वाढवावी. आणि पंधरा पंधरा दिवसांनीं शेंदीडशें पुस्तकांची एक पेटी बंदरावर यावी. तींत गेल्या दिवाळीचे अंकहि असावेत. ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांच्यासाठीं शाळेंतलीं पोरें मोठ्यानें वाचतील. जाळें दुरुस्त करणाराचे हात गुंतलेले असतात, कान मोकळे असतात. गेल्या पावसाळ्यांत आम्हीं आमच्या घरचीं चाळीस पुस्तकें घेऊन हा प्रयोग करून पाहिला. एक पुस्तक भिजलें. दोन अजून परत आलीं नाहींत, पण तीं कोणत्या घरीं आहेत हें आम्हांस ठाऊक आहे, आणि त्या घरीं तीं तिसऱ्यांदा वाचलीं जात आहेत म्हणून आम्ही मागावयास गेलों नाहीं.

पेटी ठेवावयाची कोठें, ही शंका कोणी काढील. आमच्या शाळेची पूर्वेकडची खोली गळत नाहीं. तिची किल्ली आमच्यापाशीं आहे. पेटी कोणत्या वाचनालयानें द्यावयाची आणि ती टेंपोनें आणावयाची कीं एस.टी.नें, एवढें चालकांनीं सभा उठण्यापूर्वीं ठरवावें, कारण मृग लागण्यास आतां फार दिवस उरले नाहींत.